चार बोल्ट

५ नोव्हेंबर

आत्याबाईंना खटपटीचा लांबूनच नमस्कार. जवळ येऊन केला असता, पण मग "इतके महिने कुठे उलथली होतीस" म्हणून आधी पाठीत धपाटा बसला असता.

बातमी अशी की मला कार्यक्रम मिळाला. माझा स्वतःचा. आठ वर्षं या टीव्हीच्या कचेरीत दुसऱ्यांच्या कार्यक्रमांमागे पळाले, याची वाक्यं तपास, त्याची वेळ जुळव, तिला पाणी नेऊन दे. आता तेरा भागांची मालिका, दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, अर्धा तास. विषय ऐकून तू खुर्चीवरून पडशील. घरातली यंत्रं कशी चालतात. इस्त्री, पंखा, फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळं उघडून आतलं दाखवायचं. लिहिणार मी, करून घेणार मी. पडद्यावर बोलायला एक नट आहे. त्याला आम्ही हसरा म्हणतो, कारण कोणी रागावलं तरी तो हसतच असतो.

अट एकच. आधी सहा भाग दाखवणार. लोकांना आवडले तर पुढचे सात, नाहीतर गाशा गुंडाळायचा आणि मी पुन्हा पाणी द्यायला मोकळी. हे मला पडू द्यायचं नाहीये, आत्या. काही झालं तरी.

आमचे सल्लागार इंजिनिअर हुशार आहेत, पण ते समजावून सांगायला लागले की समोरच्याला जांभया येतात. मला तुझ्यासारखं सांगणारं माणूस हवंय. लहानपणी तुझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावर बसून मी "हे असं का, ते तसं का" करायचे आणि तू हातातलं काम न थांबवता उत्तरं द्यायचीस. तसंच आता विचारते. पहिला भाग इस्त्रीचा. पुरेशी तापलेय हे तिला कळतं कसं?

हे फोनवरच विचारणार होते. पंधरा वेळा लावला. तू उचलत नाहीस. बाबा म्हणाले, तुझ्या आत्याला मस्ती आलीय, तू नाद सोड. मी नाद सोडणाऱ्यांतली नाही, म्हणून हे पत्र. आणि एकदा तरी आमच्या पडद्यावर येशील का? विचार कर.

तुझी
खटपटी

९ नोव्हेंबर

खटपटे,

पडद्यावर बिडद्यावर मी येणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. फोनचं म्हणशील तर दुकानात हात मोकळे नसतात आणि घरी गेल्यावर बडबडायचा उत्साह नसतो. जे हवं ते लिहून विचार. बापाला सांग, मस्तीबद्दल त्याने तरी बोलू नये.

कार्यक्रम मिळाला हे फार छान झालं. वाचल्या वाचल्या मी समोरच्या शिंप्याला सांगून आले.

आता इस्त्री. इस्त्रीला काही कळतबिळत नाही. तिच्या पोटात एक पट्टी असते, दोन वेगळ्या धातूंची, पाठीला पाठ लावून घट्ट चिकटवलेली. एका घरात दिलेल्या दोन जावा समज. ताप दोघींना सारखाच, पण एक लगेच फुगते आणि दुसरी सावकाश. चिकटलेल्या असल्यामुळे एकटीला लांब होता येत नाही, मग दोघी मिळून वाकतात. वाकल्या की वीज येते तो सांधा सुटतो आणि तापणं थांबतं. निवल्या की पुन्हा सरळ, सांधा पुन्हा जुळला. वरची चकती फिरवून तू एवढंच ठरवतेस, की किती वाकल्यावर सुटायचं.

आणि हे त्या हसऱ्याला बोलून दाखवायला लावू नकोस. अशी पट्टी मेणबत्तीवर धरायची आणि कॅमेरा जवळ न्यायचा. ती डोळ्यांदेखत वाकते. लोकांना दाखवलं की पुरे, त्यांचे डोळे शाबूत आहेत.

पुढचं यंत्र कोणतं ते कळव. आणि जेवत जा वेळेवर.

आत्या

३ फेब्रुवारी

आत्या,

तीन महिने तुला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, आणि त्याचं फळ काल आणि मागच्या शुक्रवारी सगळ्यांनी पाहिलं. इस्त्री झाली, पंखा झाला. तुझी मेणबत्ती तर अशी गाजली म्हणून सांगू. कचेरीत सगळे "दोन जावा, दोन जावा" करत फिरताहेत. खरोखरच्या दोन जावांचं पत्रही आलंय. एक म्हणते आमचं बरोबर उलटं आहे, मी सावकाश फुगते आणि ही लगेच. खाली दोघींच्या सह्या आहेत.

पण मला सगळ्यांत अभिमान कशाचा आहे सांगू? सुरुवातीचा. अर्धा मिनिट पडदा पूर्ण काळा आणि नुसता यंत्राचा आवाज. घरातल्यांनी ओळखायचं, हे काय आहे. ही कल्पना पूर्ण माझी. पंख्याचा आवाज तर मुद्दाम फसवा निवडला होता. तू पहिल्या सेकंदाला ओळखला असशील, हो ना? तुला कसा वाटला तेवढं सविस्तर लिही. आमच्या वरच्या मॅडमचं मत मला कळलंय, बाबांचंही कळलंय. तुझं हवंय.

पुढच्या शुक्रवारी फ्रीज, मग मिक्सर, मग गिझर, आणि सहावा भाग वॉशिंग मशीन.

खटपटी

७ फेब्रुवारी

खटपटे,

दोन्ही भाग पाहिले. मेणबत्ती चांगली दिसली. पंख्याचं आतलं तांब्याचं गुंडाळं फिरवून फिरवून दाखवलंत तेही चांगलं. पण त्या हसऱ्याला पाना धरायला शिकव. चमच्याने खीर ढवळावी तसा धरतो. आणि पंखा उघडताना त्याने मनगटातलं घड्याळ काढलेलं नव्हतं. धातूचा पट्टा, आणि हात कुठे, तर मोटारीत. कामाला बसताना घड्याळ, बांगडी, अंगठी आधी बाहेर. हे दाखव कधीतरी.

सुरुवातीला तुमचा पडदा बराच वेळ काळा असतो. मला वाटलं टीव्ही गेला, म्हणून उठून मागची वायर हलवली. दुसऱ्या वेळीही तेच. ते काळं कमी कर.

आवाजाचं तू विचारलंस. मी कार्यक्रम आवाज बंद करून बघते. तो फार बोलतो.

मिक्सरच्या वेळी खालचे कार्बन, म्हणजे मोटारीला वीज पोचवणारे दोन ठोकळे, काढून हातावर ठेवून दाखवा, नवे आणि झिजलेले शेजारी शेजारी. लोकांना वाटतं मोटार जळली, आणि निघतात काय तर दोन झिजलेले कार्बन.

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी रागावले होते. अजून आहे.

तो फार बोलतो असं तू लिहिलंस. तो जे बोलतो ते मी लिहिलेलं आहे. एकेक वाक्य पाच पाच वेळा खोडून लिहिलेलं, तुझ्याच पत्रांतलं, तुझ्याच तोंडचं. आणि तू आवाज बंद करून बघतेस. काळ्या पडद्याबद्दल मी कौतुकाने विचारलं तर म्हणे वायर हलवली. तुला नसेल आवडलं तर सरळ नाही आवडलं म्हण ना. इतकं तोडून कशाला बोलायचं? बाबा म्हणाले, मी तुला आधीच सांगितलं होतं, तिला कोणाचं कौतुक नसतं. मी पहिल्यांदा त्यांना उलट बोलले नाही.

एक मार्चला वॉशिंग मशीन आहे. त्या भागावर पुढचे सात ठरणार. नवं कोरं मशीन आणलंय, बाजूचा पत्रा कापून आत दिवा लावलाय, कपडे घेऊन ड्रम फिरताना दिसतो. एवढा एक भाग तरी आवाज चालू ठेवून बघ. माझ्यासाठी.

खटपटी

१ मार्च, शुक्रवार, संध्याकाळचे सव्वाआठ

खटपटे,

कार्यक्रम आत्ता संपला, पत्र लगेच लिहितेय, उद्या सकाळच्या टपालाने जाईल. बाकीचं राहू दे, आधी हे वाच.

तुमच्या मशीनचे मागचे बोल्ट काढलेले नाहीत.

कारखान्यातून निघताना ड्रमचं टोपलं गाडीत आपटू नये म्हणून मागून चार लांब बोल्ट घालून ते पक्कं बांधून पाठवतात. मशीन जागेवर ठेवलं की पहिलं काम ते चार बोल्ट काढायचं. मग टोपलं स्प्रिंगांवर लोंबतं. कपडे पिळताना ते आतल्या आत हलतं आणि बाहेरचा डबा जागचा हलत नाही. तुमच्याकडे टोपलं आणि डबा एकजीव होऊन नाचत होते. स्प्रिंगा ढिम्म. पिळायला लागल्यावर मशीन टेबलापासून हातभर पुढे आलं, आणि तुमचा तो हसरा शेजारी हात हलवून काहीतरी समजावत होता. एकदा तुम्ही मागची बाजू दाखवलीत, तिथे चारही डोकी मी मोजली.

तो काय म्हणाला कोण जाणे, पण हे असंच असतं असं म्हणाला असेल तर घात झाला. बोल्ट तसेच ठेवून मशीन चालवणारी घरं कमी नाहीत. बेअरिंग जातं, टोपलं फुटतं. ते चालत येऊन कोणाच्या पायावर चढलं तर काय?

सगळ्यांसमोर चूक सांगून टाक. पुढच्याच शुक्रवारी. लाज वाटेल, वाटू दे.

आत्या

६ मार्च

आत्या,

पत्र वाचल्यावर खाली जाऊन मशीनच्या मागे बसले. चार बोल्ट. मी, इंजिनिअर, हसरा, तीन कॅमेरेवाले, दिवेवाले, मिळून बावीस माणसं त्या मशीनभोवती दोन दिवस होतो आणि एकालाही दिसले नाहीत. इंजिनिअर तिथेच खाली बसले आणि डोकं धरून म्हणाले की मी हे शिकवतो पोरांना.

आणि होय, तो तेच म्हणाला. मशीन हलायला लागल्यावर मीच घाईघाईने वाक्य लिहून दिलं होतं: "इतक्या वेगाने फिरताना एवढी थरथर व्हायचीच, घाबरू नका." माझ्या हाताने लिहिलं.

मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, तक्रार कोणाची आलीय का? नाही ना? मग तोंडाला कुलूप लाव. भाग सगळ्यांत जास्त पाहिला गेलाय, पुढच्या सात भागांवर या महिन्यात सही व्हायची आहे, सध्या जुनेच भाग पुन्हा दाखवू. आपणच उठून आम्हाला काही येत नाही असं सांगितलं तर सही कोण करेल?

मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. खोटं नाही सांगत, गप्प बसावंसं वाटलं. मग कालच्या टपालात एका बाईंचं पत्र सापडलं. आमचंही मशीन असंच चालत येतं, आता घाबरत नाही, आभारी आहोत. मी गप्प बसणार नाही, आत्या. कार्यक्रम गेला तर जाऊ दे.

पण एक सांग. बावीस माणसांना जे दिसलं नाही ते तुला लांबून, टीव्हीवर, कसं दिसलं? मी विचार करतेय. आम्ही सगळे त्याचं बोलणं ऐकत होतो आणि ते पटत होतं. तू या भागालाही आवाज बंद ठेवला होतास ना?

खटपटी

९ मार्च

खटपटे,

मॅडमपुढे मान खाली घालू नकोस. तू बरोबर आहेस.

आता तुझ्या प्रश्नाचं. टाळाटाळ खूप केली, आज करत नाही. मी आवाज बंद ठेवला नव्हता. चालू होता का बंद ते मला माहीतच नाही. मला ऐकू येत नाही, बाळा. कमी येतं असं नाही, येतच नाही. डावा कान सहा वर्षांपूर्वी गेला, उजवा दोन वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी यंत्र घालून पाहिलं, त्यातून नुसती खरखर. ते आता खणात पडलंय.

तुझ्या मेहनतीचा एक शब्दही मी ऐकलेला नाही, आणि "तो फार बोलतो" असं लिहून मी तुला दुखावलं. खरं सांगायची हिंमत नव्हती म्हणून तोडून बोलले. माझं चुकलं.

कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्याकडे दहातली आठ माणसं "बाई, याचा आवाज येतो" म्हणून मशीन घेऊन येतात. खडखड येतो, घरघर येतो, तोंडाने करूनही दाखवतात. मी मान हलवते आणि ते गेले की मशीन चालू करून त्यावर हात ठेवते. आधी बोटांची मागची बाजू, शॉक असेल तर हात आपोआप मागे येतो म्हणून. मग पूर्ण तळवा. घरघर तळव्याला लागते, खडखड मनगटाला, आणि बेअरिंग गेलं असेल तर कोपरापर्यंत मुंग्या येतात. दोन वर्षांत एकही मशीन चुकीचं उघडलेलं नाही. समोर उभ्या माणसाचं तोंड बघून कळतं, पडद्यावरच्याचं नाही. फक्त भरघोस मिशीवाल्यांचं काही कळत नाही, म्हणून त्यांना मी उगीचच रागावून तक्रार कागदावर लिहायला लावते.

पण हे बाहेर कळलं तर? बहिऱ्या बाईकडे कोण मशीन टाकेल? चौतीस वर्षं मी हे दुकान चालवलंय. दुसरं काही मला येत नाही आणि शिकायचंही नाही. ते गेलं तर माझं काय उरतं? म्हणून तुझ्या बापालाही सांगू नकोस. तो कळवळेल आणि मला घरी नेऊन बसवेल.

आत्या

१३ मार्च

आत्या,

पत्र घेऊन बाथरूममध्ये गेले आणि दार लावून रडले. पंधरा वेळा फोन लावला होता मी. काळा पडदा लावून तुला विचारत होते, ओळखला का. आणि वर रागावले. माझी मलाच लाज वाटते.

आता ऐक, म्हणजे वाच. मॅडमच्या टेबलावर मी अकरा पत्रं नेऊन ठेवली. सगळ्यांची मशीनं चालतात आणि सगळे आता निर्धास्त आहेत. एका घरात मशीन चालत चालत न्हाणीच्या दाराला जाऊन टेकलं आणि आतल्या आजी दीड तास अडकून पडल्या. सुनेने हसत हसत लिहिलंय. मॅडम हसल्या नाहीत. मी म्हटलं, हे दुरुस्त झाल्याशिवाय मी पुढची एक ओळ लिहिणार नाही. मग म्हणाल्या, ठीक आहे, सातवा भाग या चुकीवरच करू. पण हसऱ्याने हसत माफी मागितलेली मला चालणार नाही. ज्याने चूक पकडली त्याने येऊन ती पडद्यावर दाखवायची. ते माणूस आणलंस तर भाग होईल, नाहीतर नाही.

ते माणूस तू आहेस. मी विचारते एवढंच सांगून आले. तुझ्या कानांबद्दल कोणालाही बोललेले नाही, बोलणारही नाही, शपथ. आलीस तर मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहीन आणि हाताने खुणा करीन. कोणाला पत्ता लागणार नाही. हसऱ्याला मिशी नाही.

नाही म्हणालीस तरी मी समजेन. तुझं सगळं पणाला लागतंय हे मला कळतं.

खटपटी

१६ मार्च

खटपटे,

पत्र आल्यापासून खिशात घेऊन फिरतेय. आधी नाही असंच लिहिलं होतं. मग ते फाडलं.

कारण असं. मी तुला लिहिलं, सगळ्यांसमोर चूक सांग, लाज वाटेल तर वाटू दे. तू लगेच उठून गेलीस, नोकरीचीही पर्वा केली नाहीस. आणि मी? मी इथे मान हलवत बसलेय आणि मिशीवाल्यांवर ओरडतेय. तुला एक सांगायचं आणि स्वतः दुसरं करायचं, हे मला पचेना.

येते. पण लपवून नाही. खुणाबिणा काही नकोत. पहिलं वाक्य माझं असेल आणि ते मीच ठरवणार. ते कापलंत तर मी येणार नाही, हे तुझ्या मॅडमना आधीच सांग. हसऱ्याला शेजारी उभं करायला हरकत नाही, पण त्याने बोलताना माझ्याकडे तोंड करायचं आणि घड्याळ काढायचं. माझा पाना मी घेऊन येईन, तुमचे पाने मी पाहिलेत.

भीती वाटते का विचारशील, तर वाटते. तरी येते. आणि दुकान मी सोडणार नाही. एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी रोज नऊला शटर वर जाईल.

आत्या

३० मार्च

आत्या,

चित्रीकरण संपवून तू गेल्यापासून इथे सगळे घड्याळं काढून कामाला बसतात. हसरा तर पाना धरायचा सराव करतो.

तुला निरोप देऊन आले तर मॅडमनी बोलावलं. त्यांना ते पहिलं वाक्य कापायचं होतं. म्हणाल्या, भाग उत्तम आहे, बाई जबरदस्त आहेत, पण सुरुवातीलाच "मी दुरुस्ती करते आणि मला ऐकू येत नाही" म्हटल्यावर लोक गोंधळतील, कीव करतील, मुद्दा बाजूला राहील. मी म्हटलं, मुद्दा तोच आहे. आम्ही बावीस जण ऐकत होतो म्हणून चुकलो. कापायचं असेल तर माझं नावही त्याबरोबर कापा. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, तू आणि तुझी आत्या, दोघी जा इथून. राहिलं वाक्य.

आणखी एक केलंय. पूर्ण भागात जे जे बोललं जातं ते सगळं खाली अक्षरांत दिसेल. तीन दिवस बसून मी स्वतः टाइप केलं. काळा पडदा काढून टाकला. त्याऐवजी तुझा हात मशीनवर ठेवलेला, अर्धा मिनिट, आणि खाली "घरघर", "खडखड" असं लिहिलेलं.

पाच एप्रिलला दाखवताहेत. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, तू सांगू नकोस म्हणालीस म्हणून. तेव्हा ते टीव्हीसमोर बसून बघतील, मी शेजारी असेन.

खटपटी

१८ एप्रिल

खटपटे,

तुझी सगळी वाक्यं वाचली. चांगलं लिहितेस. हे मी तीन महिने आधी म्हणायला हवं होतं.

बाप येऊन गेला. रविवारी सकाळी दुकानाच्या दारात उभा, आत येईना. मी म्हटलं ये की. तो समोर बसला. मग कागद घेतला आणि लिहिलं, "मी सहा वर्षं तुला फोनवर म्हणायचो, कान फुटलेत का तुझे." तोही रडला, मीही रडले. मग मी त्याला म्हटलं, मला घरी नेऊन बसवायचा विषय काढलास तर पाना फेकून मारीन. तो विषय त्याने काढला नाही. जाताना म्हणाला, आता दर रविवारी येईन, समोर बसून बोलेन.

दुकानाचं खरं ते सांगते. शनिवारी सकाळी शटर वर केलं आणि दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. सोमवारी तिघांनी आपली मशीनं परत नेली, दुरुस्त न करता. माझ्या तोंडाकडेही बघितलं नाही. मग मोठ्या खानावळीच्या मालकांचा माणूस आला आणि त्यांचा तो हंड्याएवढा मिक्सर उचलून घेऊन गेला. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. पण मंगळवारी नऊला शटर वर गेलं.

आणि मंगळवारीच एक नवरा-बायको रिक्षात वॉशिंग मशीन घालून आले. तुमचा भाग बघून मागे डोकावले तर चार बोल्ट. पाच वर्षं तसंच चालवलंय, बेअरिंगचा भुगा झालाय. दुपारी आणखी एक. बुधवारी दोन. सगळे आत येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि तोंड स्पष्ट उघडून सावकाश बोलतात. मला हसू येतं, पण कळतं सगळं. तुमच्या त्या चुकीने माझं दुकान भरलंय, तुझ्या मॅडमना सांग.

पुढच्या भागांवर सही झाली हे तुझ्या मधल्या पत्रात वाचून मी पुन्हा शिंप्याकडे गेले. त्याने मला शिवणयंत्रावर हात ठेवायला लावला आणि स्वतःचाही शेजारी ठेवला. म्हणाला, मलाही दीड वर्ष ऐकू येत नाही, बाई, कोणाला सांगू नका. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा.

काल खानावळीचे मालक स्वतः आले, मिक्सर कवेत धरून. दोन जणांनी कान लावून लावून कार्बन बदलले, मग मोटार बदलली, आणि तो पहिल्यासारखाच ओरडतोय. मी तो बाकावर ठेवून चालू केला, हात लावला, बंद केला. खालचा बुश, म्हणजे मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलाय. ते खाली बघून काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, वर बघून बोला, मला असं कळत नाही. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "आजच्या आज होईल का, बाई?"

मी म्हटलं, "मंगळवारी या. तुमच्या आधी सहा जण आहेत."

आत्या